मुलाखतीची ऑडिओ फाइल एडिटरमध्ये येत नाही तेव्हा काय करायचं

तुमच्याकडे एकाच मुलाखतीच्या तीन प्रकारच्या फाइल आहेत आणि प्रत्येक वेगळ्या कारणाने अडली आहे. फोनवर केलेली दीड तासाची एम४ए फाइल प्लेअरमध्ये नीट वाजते, पण ऑडॅसिटी हा आवाज संपादनाचा मोफत प्रोग्रॅम ती घेत नाही. नाव बदलून एमपी३ केलं तरी घेतली नाही, आणि ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढून आणली तर बोलणं चिरकं आणि घाईघाईचं झालं. दुसरीकडे, सोबत लावलेल्या रेकॉर्डरची बॅटरी मध्येच संपली आणि त्याची वेव्ह फाइल शून्य सेकंदांची दिसते. आणि पाहुण्यांनी मागाहून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली दोन उत्तरं उघडतच नाहीत. तिन्हींवर एक इलाज चालणार नाही, म्हणून एकेक घेतो.

त्याआधी एक काम आत्ताच करा. तिन्ही मूळ फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, आणि रेकॉर्डरचं कार्ड बाहेर काढून बाजूला ठेवा. त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग नको, फॉरमॅट नको, कॉम्प्युटर 'डिस्क दुरुस्त करू का' असं विचारतो त्याला होकारही नको. बोललेल्या शब्दाचं हेच अवघड आहे की तोच माणूस तीच गोष्ट पुन्हा सांगतो तेव्हा ती तशी येत नाही. आजवर माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक फाइलमध्ये आवाज शाबूत होता. जे गेलं ते घाईने केलेल्या दुरुस्तीत गेलं. म्हणून पुढचं सगळं प्रतीवर करा.

आता मूळ मुद्दा. फाइलच्या नावामागची अक्षरं म्हणजे फाइलचा प्रकार नव्हे. एम४ए, वेव्ह, ऑग ही डब्यांची नावं आहेत, म्हणजे कंटेनरची. आत आवाज कोणत्या पद्धतीने भरला आहे, म्हणजे कोडेक कोणता, ही बाब वेगळी. एम४एच्या आत बहुतेकदा एएसी असतो, पण अ‍ॅपलचा लॉसलेस कोडेकही असू शकतो. वेव्हमध्ये साधा पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, असेल असं आपण धरून चालतो, पण जुन्या डिक्टेशन यंत्रांच्या वेव्हमध्ये एडीपीसीएम किंवा जीएसएम कोडेकही सापडतो. एडिटर 'फॉरमॅट ओळखता आला नाही' म्हणतो तेव्हा त्याला डबा ओळखता आला नाही की आतला माल, हे तो सांगत नाही. ते आपल्याला शोधावं लागतं, आणि शोधायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

मीडियाइन्फो नावाचा छोटा, मोफत प्रोग्रॅम घ्या आणि फाइल त्यात टाका. कंटेनर, कोडेक, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने, म्हणजे सॅम्पल, घेतले), चॅनेल, बिट डेप्थ (एका सॅम्पलला किती बिट) आणि लांबी एवढं तो मजकुराच्या स्वरूपात दाखवतो. त्यालाही काही सांगता आलं नाही तर फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे आतले कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडा. विंडोजवर एचएक्सडी चांगला आहे. नोटपॅड मोठ्या फाइलवर अडकून पडतो आणि चुकून सेव्ह दाबलं गेलं तर फाइल बिघडवतो, त्यामुळे तो नको. पहिली काही अक्षरं वाचा. आर-आय-एफ-एफ आणि थोड्या पुढे डब्ल्यू-ए-व्ही-ई दिसलं तर ती खरी वेव्ह. ओ-जी-जी-एस दिसलं तर ऑग. सुरुवातीचे चार बाइट सोडून एफ-टी-वाय-पी असेल तर एमपी४ घराण्यातली, म्हणजे एम४एसुद्धा. आय-डी-३ असेल तर बहुधा एमपी३. हॅशचं आणि उद्गारवाचक चिन्ह आणि मागोमाग ए-एम-आर असेल तर फोनचा जुना एएमआर. आणि सुरुवातीलाच एचटीएमएल हा शब्द दिसला, तर तुमच्याकडे आवाज नाहीच. डाउनलोडच्या जागी वेबपेज सेव्ह झालं आहे. अशी फाइल काही किलोबाइटचीच असते, त्यामुळे आकार पाहिला तरी संशय यावा.

हे समजलं की नाव बदलून काही साधत का नाही तेही कळतं. एम४एला एमपी३ नाव दिल्याने आतला एएसी एएसीच राहतो, आणि जे प्रोग्रॅम नावावरून डिकोडर (आवाज उलगडणारा भाग) निवडतात त्यांची उलट दिशाभूल होते. तुम्ही बदललेलं नाव आधी पूर्ववत करा. विंडोजमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन' दाखवण्याचा पर्यायही चालू करून ठेवा, नाहीतर 'मुलाखत डॉट एमपी३ डॉट एम४ए' अशी नावं तयार होतात आणि अर्धंच नाव समोर दिसतं.

फोनवरची फाइल प्लेअरमध्ये वाजते, म्हणजे ती निरोगी आहे. व्हीएलसीसारखे प्लेअर स्वतःचे डिकोडर सोबत घेऊन येतात. ऑडॅसिटीला मात्र विंडोज आणि लिनक्सवर एम४ए, एएमआर, डब्ल्यूएमए असले प्रकार वाचायला एफएफएमपेग ही लायब्ररी वेगळी बसवावी लागते. पेटंट आणि परवान्यांच्या कारणाने ती सोबत दिलेली नसते. ती बसवूनही चालत नाही तेव्हा दोन गोष्टी तपासा. ऑडॅसिटी ६४ बिटची असेल तर लायब्ररीही ६४ बिटचीच हवी, आणि तुमच्या ऑडॅसिटीच्या आवृत्तीला चालणारी हवी. प्रेफरन्सेसमध्ये 'लायब्ररीज' या पानावर ती सापडली की नाही ते दिसतं. सापडली नसेल तर तिथूनच तिची जागा दाखवता येते.

हा खटाटोप नको असेल तर एम४ए एकदाच वेव्हमध्ये काढून घ्या. एफएफएमपेग स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून वापरता येत असेल तर उत्तम. मूळ सॅम्पल रेट आणि मूळ चॅनेल तसेच ठेवायचे, पीसीएम १६ बिट निवडायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. व्हीएलसीच्या 'कन्व्हर्ट' मधूनही हे होतं. संपादनासाठी मधल्या टप्प्यावर एमपी३ करू नका. एएसी आधीच आवाजातला काही भाग टाकून बनलेला असतो; त्यावर एमपी३ केला की आणखी भाग जातो, आणि शेवटी पुन्हा एमपी३ एक्स्पोर्ट केला की तिसऱ्यांदा. संगीतात हे एखादवेळी खपून जातं. बोलण्यात 'स', 'श', 'च' ही व्यंजनं पाण्याखालून आल्यासारखी होतात आणि नंतर ती दुरुस्त करता येत नाहीत. डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटरच्या लिनक्सवरच्या मोफत आवृत्तीत एएसी आवाज वाचलाच जात नाही, तिथेही हाच उपाय.

तुमच्या चिरक्या प्रतीचं निदान घड्याळ लावून होतं. मूळ मुलाखत ९० मिनिटांची आहे. कन्व्हर्टरमधून आलेली किती मिनिटांची आहे ते पाहा. ती ८२ मिनिटं ४१ सेकंदांच्या आसपास असेल, तर ४४,१०० हर्ट्झचा आवाज ४८,००० म्हणून वाजतो आहे. वेग ८.८ टक्क्यांनी वाढतो आणि स्वर जवळपास दीड सेमिटोन चढतो. माणूस ओळखू येतो, पण 'हे त्यांचं बोलणं नाही' असं सतत वाटत राहतं. ४५ मिनिटांची असेल तर मोनोचा डेटा स्टिरिओ समजून वाचला गेला आहे किंवा सॅम्पल रेट दुप्पट धरला गेला आहे, आणि आवाज एक सप्तक वर गेला असेल. लांबी बरोबर ९० मिनिटं असूनही चिरका वाटत असेल, तर तो बहुधा कमी बिटरेटचा, म्हणजे आवाज फार दाबल्याचा, दोष आहे आणि त्याला इलाज नाही.

तुमच्याकडे मूळ फाइल आहे, तेव्हा ही प्रत सरळ काढून टाका. ज्यांच्याकडे फक्त बिघडलेली प्रत उरली आहे त्यांनी ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेन्यूत जाऊन 'रेट' ४४,१०० करावा. तिथे फक्त लेबल बदलतं, सॅम्पल तसेच राहतात, आणि आपल्याला हवं तेच होतं. 'रीसॅम्पल' ही वेगळी आज्ञा आहे; ती सॅम्पल नव्याने मोजते आणि वेग आहे तसाच ठेवते, म्हणून इथे तिचा उपयोग नाही. या दोन आज्ञांची गल्लत फार लोकांची होते.

ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल मला मनापासून एक सांगायचं आहे. मुलाखत देणाऱ्याने विश्वासाने तुमच्यापाशी काही सांगितलेलं असतं. ती फाइल अनोळखी सर्व्हरवर चढवणं म्हणजे त्याला न विचारता त्याचं बोलणं तिसऱ्याच्या हाती देणं. हे काम तुमच्या कॉम्प्युटरवर फुकट होतं, तर ते तिथेच करा.

आता रेकॉर्डरची वेव्ह फाइल, कारण खरी कसोटी इथे आहे. वेव्ह हा मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने १९९१ साली आणलेला प्रकार. फाइलच्या सुरुवातीला हेडर असतो आणि त्यात पुढे किती बाइट आवाज आहे हा आकडा लिहिलेला असतो. रेकॉर्डिंग सुरू होताना हा आकडा माहीत नसतो, म्हणून बरेच रेकॉर्डर तिथे शून्य किंवा काहीतरी तात्पुरतं लिहितात आणि स्टॉप दाबल्यावर खरा आकडा भरतात. बॅटरी मध्येच गेली तर तो भरायचा राहतो. आवाज कार्डावर असतो, पण हेडर म्हणतो की आवाज शून्य सेकंद आहे आणि एडिटर त्यावर विश्वास ठेवतो.

म्हणून आधी लांबी नको, फाइलचा आकार पाहा. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, मोनो म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट. दीड तासाला साधारण ४७६ एमबी. ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ म्हणजे सेकंदाला २,८८,००० बाइट. दीड तासाला दीड जीबीहून थोडं जास्त. तुमच्या फाइलचा आकार या हिशेबात बसत असेल तर आवाज आत आहे. फाइलचा आकारच शून्य बाइट दिसत असेल तर हेडरचा प्रश्न नाही. कार्डाच्या नोंदवहीत फाइलची नोंद पूर्ण झालेली नाही. तेव्हा कार्डावर काहीही न लिहिता फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम वापरा. नावात फोटो असलं तरी तो ऑडिओ फाइलही शोधतो. सापडलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर लिहायला सांगा, त्याच कार्डावर नाही.

आकार बरोबर असेल तर ऑडॅसिटीत 'इम्पोर्ट' खाली 'रॉ डेटा' निवडा. इथे प्रोग्रॅम हेडर वाचत नाही, तुम्ही सांगाल तसं वाचतो. रेकॉर्डरची सेटिंग आठवत असतील तर तीच द्या: साइन्ड १६ बिट किंवा २४ बिट, लिटल एंडियन (सॅम्पलमधला कमी किमतीचा बाइट आधी), चॅनेल एक की दोन, सॅम्पल रेट. स्टार्ट ऑफसेट (सुरुवातीचे किती बाइट सोडायचे) ४४ द्या, कारण साधा वेव्ह हेडर ४४ बाइटचा असतो. तुमच्या रेकॉर्डरचा हेडर त्याहून मोठा असला तरी घाबरू नका. सुरुवातीला क्षणभर खरखर येईल, ती कापून टाका.

सेटिंग आठवत नसतील तर कानाने ओळखा. पूर्ण ट्रॅकभर धो धो पावसासारखा आवाज आला तर बिट डेप्थ चुकली आहे किंवा सॅम्पलची सुरुवात भलत्या बाइटवर पडली आहे. बोलणं स्पष्ट पण दुप्पट वेगाने आलं तर मोनोला स्टिरिओ समजलात. निम्म्या वेगाने, जाडसर आलं तर स्टिरिओला मोनो समजलात. २४ बिटला एक खास अडचण आहे: प्रत्येक सॅम्पल तीन बाइटचा, त्यामुळे सुरुवात एका बाइटने चुकली तरी सगळा कचरा ऐकू येतो. ऑफसेट ४४ वर जमलं नाही तर ४५ आणि ४६ देऊन पाहा. बिट डेप्थ खरोखर २४ असेल, तर या तीनपैकी एकावर आवाज येतोच. आला की लगेच नवी वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करा आणि पुढचं काम तिच्यावर करा.

जाता जाता: हेडरमधल्या त्या आकड्याला ३२ बिटांचीच जागा असते, म्हणून साधी वेव्ह ४ जीबीच्या वर जात नाही. ४८,००० हर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओला ही मर्यादा चार तास आठ मिनिटांच्या आसपास येते. दिवसभराची चर्चासत्रं रेकॉर्ड करणाऱ्यांची फाइल मध्येच तुटते ती बरेचदा यामुळे. काही रेकॉर्डर आपोआप दुसरी फाइल सुरू करतात, काही आरएफ६४ प्रकारात लिहितात, जो जुने एडिटर ओळखत नाहीत.

अशीच बॅटरी फोनची गेली असती तर प्रकरण अधिक कठीण होतं. एम४एमध्ये 'मूव्ह' नावाचा भाग पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखा असतो आणि तो बऱ्याचदा शेवटी लिहिला जातो. तो नसेल तर कोणताही प्लेअर फाइल वाजवत नाही आणि एफएफएमपेग स्पष्ट सांगतो की 'मूव्ह' सापडला नाही. अशा वेळी त्याच फोनवर, त्याच अ‍ॅपमध्ये, त्याच सेटिंगवर एक छोटं रेकॉर्डिंग करून घ्यायचं आणि अनट्रंक या प्रोग्रॅमला ते नमुना म्हणून द्यायचं. नमुन्यावरून तो तुटक्या फाइलची अनुक्रमणिका पुन्हा बांधायचा प्रयत्न करतो. दरवेळी जमत नाही, पण करून बघावं असं नक्की आहे.

व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट म्हणजे ऑगच्या डब्यातला ओपस. ओपस हा २०१२ मध्ये प्रमाणित झालेला कोडेक आहे आणि बोलण्यासाठी फार चांगला आहे. कमी जागेतही शब्द स्वच्छ राहतात. फाइल ओपस नावाने आली असेल आणि एडिटर घेत नसेल तर नाव बदलून ऑग करून पाहा. नाव बदलणं जिथे रास्त आहे अशी ही एक जागा, कारण डबा खरोखर ऑगचाच असतो. नाहीच जमलं तर एफएफएमपेगने वेव्ह. निघालेली वेव्ह ४८,००० हर्ट्झची असेल, कारण ओपस सहसा त्याच दराने उलगडतो. त्यात काही बिघडलेलं नाही. शिवाय फाइल फोनमधून केबलने थेट एडिटरमध्ये ओढू नका. फोन विंडोजला खऱ्या ड्राइव्हसारखा दिसत नाही आणि बरेच प्रोग्रॅम तिथून वाचूच शकत नाहीत. आधी कॉम्प्युटरवर कॉपी, मग इम्पोर्ट. झिपच्या आतून किंवा क्लाउडच्या फोल्डरमधून ओढतानाही असंच होतं: नाव दिसतं, पण फाइल अजून डिस्कवर उतरलेली नसते.

बाकीचे प्रकार थोडक्यात. डीएसएस आणि डीएस२ हे डिक्टेशन रेकॉर्डरचे प्रकार. डीएस२ पासवर्डने बंद केलेला असू शकतो, तेव्हा तो बनवणाऱ्या कंपनीचंच सॉफ्टवेअर वापरून वेव्ह काढावी. झूमच्या बैठकीचं रेकॉर्डिंग रूपांतर होता होता थांबलं असेल तर फोल्डरमध्ये झूम एक्स्टेन्शनची फाइल उरते; ती कोणत्याही एडिटरमध्ये येत नाही, झूमच्याच अ‍ॅपमधून तिचं रूपांतर पूर्ण करावं लागतं. एएमआर नॅरोबँड ८,००० हर्ट्झचा असतो, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वरचं त्यात काहीच नसतं. ती फाइल ४८,००० वर नेली तरी 'स' आणि 'फ' मधला फरक परत येणार नाही.

फाइल कोणतीही तक्रार न करता उघडली तरी लगेच कापायला बसू नका. सुरुवात, मध्य आणि शेवट ऐका आणि लांबी मूळ फाइलशी ताडून पाहा. इम्पोर्ट मध्येच थांबला तर डिस्कवर जागा आहे का पाहा. ऑडॅसिटी नेहमीच्या सेटिंगवर आतमध्ये ३२ बिट फ्लोट वापरते, त्यामुळे ४४,१०० च्या दीड तासाच्या मोनो ट्रॅकला ९५० एमबी लागतात, स्टिरिओला दुप्पट. फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर प्रोजेक्ट ठेवला असेल तर ४ जीबीला तो अडतोच.

एक दोष ऐकताना कळत नाही आणि नंतर घात करतो. स्टिरिओ फाइल हेडफोनवर विचित्र पण ऐकू येणारी वाटते, मोनो केली की माणसाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. मायक्रोफोनची बॅलन्स्ड केबल (जिच्या दोन तारांतून एकच आवाज एकमेकांच्या उलट जातो) स्टिरिओ इनपुटमध्ये लावली की हे होतं: उजवा चॅनेल डाव्याच्या नेमका उलटा येतो आणि बेरीज शून्याकडे जाते. ट्रॅक मोठा करून पाहा. वर डोंगर तिथे खाली दरी असं आरशातलं चित्र दिसेल. 'स्प्लिट स्टिरिओ टू मोनो' करा आणि एक चॅनेल काढून टाका, बस. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डरच्या फाइल उलट्या अर्थाने फसवतात. त्या वरच्या रेषेला भिडून फाटलेल्या दिसतात, पण आवाज खाली आणला की बहुतेकदा पूर्ण आकार परत मिळतो. मात्र आधीच १६ बिट केल्या तर मिळत नाही.

फोन आणि रेकॉर्डर दोन्ही ट्रॅक एकत्र लावणार असाल तर ते सुरुवातीला जुळून हळूहळू सरकतील, हे धरून चाला. दोन यंत्रांच्या घड्याळांत दशलक्षात ५० भागांचा फरक असला तरी दीड तासात पाव सेकंदाहून जास्त अंतर पडतं, आणि तेवढ्यावर प्रतिध्वनी ऐकू येतो. शिवाय एएसीच्या सुरुवातीला एन्कोडरने (आवाज त्या कोडेकमध्ये भरणाऱ्या भागाने) घातलेली थोडी शांतता राहू शकते. नेहमीच्या २,११२ सॅम्पलच्या हिशेबाने ४४,१०० वर ती ४८ मिलिसेकंद होते. सुरुवातीचा एक ठळक शब्द आणि दोन्ही फाइलमध्ये ऐकू येणारा शेवटचा ठळक शब्द शोधा, दोन्हींमधलं अंतर मोजा आणि एक ट्रॅक त्या प्रमाणात ताणा. त्यासाठी 'चेंज स्पीड' वापरा, 'चेंज टेंपो' नको. एवढ्या सूक्ष्म बदलात स्पीडने स्वराला काही होत नाही, टेंपोने मात्र व्यंजनांच्या कडा खराब होतात. तुमचा रेकॉर्डर मध्येच थांबला आहे, म्हणून मी तर म्हणेन की जिथवर तो चालला तिथवर त्याचाच आवाज घ्या आणि पुढचा भाग फोनवरून घ्या. दोन्ही एकावर एक ठेवू नका.

यातून सुटलं नाही तर मीडियाइन्फोचा मजकूर, फाइलचा बाइटमधला आकार, हेक्समध्ये दिसलेली पहिली सोळा अक्षरं, रेकॉर्डरचं मॉडेल आणि एडिटरने दाखवलेला संदेश जसाच्या तसा लिहून पाठवा. मुलाखतीचा आवाज पाठवायची गरज नाही.